गाय अंगानं भरलेली, मग ताकद कुठं अडली?

निपाणीजवळच्या एका गावातून एका पशुपालकानं विचारलंय, ते आधी थोडक्यात सांगतो. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, तिसरं वेत, व्यायल्याला बारा दिवस झाले. मागच्या खेपेला गाभण राहायला उशीर झाला, दूध आधीच आटलं, त्यामुळं व्यायच्या आधी जवळजवळ पाच महिने ती भाकड उभी होती आणि चांगली गुबगुबीत झाली. व्यायल्यावर दूध 18 लिटरवर गेलं आणि चार दिवसांत 11 वर घसरलं. पेंडीला तोंड लावत नाही, कडबा तेवढा चघळते. तोंडाला कुजक्या फळासारखा गोडसर वास येतो. डॉक्टरांनी दोनदा ग्लुकोजची बाटली शिरेतून लावली, दोन्ही वेळा दीड दिवस बरी आणि पुन्हा तेच. घरी आई रोज अर्धा किलो गूळ चारतात, शेजारी शेंगतेल पाजा म्हणतो. बेळगावात बीएस्सी करणारी पुतणी म्हणाली, "काका, हे ॲसिटिल कोएमुळं होतंय." यावर त्यांचा प्रश्न असा : गाईच्या अंगावर एवढी चरबी आहे, तरी तिला ताकद कमी पडते म्हणजे काय? आणि हे ॲसिटिल कोए काय प्रकरण आहे?

आधी पुतणीला शाबासकी द्या, तिनं नेमकं नाव धरलंय. मी संकेश्वर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात सव्वीस वर्षं जनावरं बघतोय. हे रसायन कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत आकृती काढून मार्कही मिळवले होते. पण गोठ्यात उभं राहिल्यावर ते आठवायला मला पाच-सहा वर्षं लागली. तोवर मीही बाटली लावून निघून यायचो आणि तिसऱ्या दिवशी त्याच घरातून पुन्हा बोलावणं आलं की गाईलाच दोष द्यायचो.

तुमच्या वर्णनावरून हा किटोसिस दिसतो, मराठीत त्याला कितनबाधा म्हणतात. पण मी गाय बघितलेली नाही. ताप आहे का, वार वेळेत आणि पूर्ण पडली का, अंगावरून घाण वासाचा स्राव जातो का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. त्याकडं पुढं येतो. आधी चरबीचा हिशेब करू, कारण तो कळला की गूळ, तेल आणि बाटली या तिन्हींचा निकाल त्यातच लागतो.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती बनवायला कासेला रक्तातलं ग्लुकोज लागतं, एका लिटरमागं साधारण 72 ग्रॅम. म्हणजे 18 लिटरच्या गाईला नुसत्या दुधासाठी रोज 1.3 किलो ग्लुकोज हवं. हे येतं कुठून? माणूस भात-भाकरी खातो, आतड्यातून साखर थेट रक्तात जाते. गाईचं तसं नाही. तिच्या कोठीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले, जंतू वैरण, भरडा, साखर सगळं आधी स्वतः खातात आणि तिच्या वाट्याला आम्लं ठेवतात : ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. यातल्या प्रोपिऑनिक आम्लापासून तिचं यकृत ग्लुकोज तयार करतं. गाय खाईल तसं प्रोपिऑनिक मिळणार, आणि प्रोपिऑनिक मिळेल तसं ग्लुकोज. व्यायल्यावर दूध चौथ्या ते आठव्या आठवड्यात शिगेला पोहोचतं, भूक मात्र दहाव्या-बाराव्या आठवड्याशिवाय पूर्ण खुलत नाही. त्यामुळं मधल्या काळात जवळजवळ प्रत्येक दुभती गाय तोट्यात चालते.

हा तोटा भरायला शरीर चरबी सोडतं. चरबीतून सुटलेली स्निग्धाम्लं रक्तावाटे यकृतात येतात आणि पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत, जाळायला घेतली जातात. आत शिरताना कार्निटिन नावाचा रेणू त्यांना हाताला धरून दारातून नेतो. (जिमच्या पोरांना हे नाव पावडरच्या डब्यावरून पाठ असतं. डबा आणला म्हणून दार जास्त उघडत नाही, पण तो विषय वेगळा.) दारावर राखण असते मॅलोनिल कोए या रेणूची. खाणं भरपूर आणि इन्शुलिन चढं असलं की तो दार लावून ठेवतो. तुमच्या गाईसारखी अवस्था असली की राखणदार जवळजवळ नसतोच आणि दार सताड उघडं राहतं.

आत गेलेल्या लांबलचक स्निग्धाम्लाचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात. हा दोन कार्बनचा तुकडा कोएन्झाइम ए नावाच्या मुठीत धरलेला असतो, तेच ॲसिटिल कोए. कोएन्झाइम ए फ्रिट्झ लिपमन यांनी 1940 च्या दशकात शोधलं, आणि ॲसिटिल कोए नेमकं काय आहे हे फिओडोर ल्युनेन यांनी 1951 मध्ये दाखवलं. 1953 चं नोबेल लिपमन आणि हान्स क्रेब्ज या दोघांना विभागून मिळालं. ही जोडी लक्षात ठेवा, कारण लिपमन यांच्या रेणूनं जिथं जाऊन जळायचं असतं ते चक्र क्रेब्ज यांच्या नावाचं आहे, आणि तुमच्या गाईचं दुखणं या दोघांच्या मधल्या जागेत आहे.

कारण क्रेब्ज चक्रात शिरायला ॲसिटिल कोएला जोडीदार लागतो, ऑक्झॅलोॲसिटेट. जोडीदार नाही तर प्रवेश नाही. आणि गाईच्या यकृतात ग्लुकोज बनवायची वाट याच ऑक्झॅलोॲसिटेटवरून जाते. कास साखर मागतेय, यकृत ती बनवण्यासाठी ऑक्झॅलोॲसिटेट तिकडं ओढून नेतंय, आणि इकडं चरबीतून आलेलं ॲसिटिल कोए जोडीदाराची वाट बघत साचतंय.

आपल्या भागात हे सांगायला कारखान्याचं उदाहरण बरं पडतं. हंगामात यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागलीय, पण गव्हाणीवरची माणसंच दुसऱ्या कामाला नेली, तर काय होईल? ऊस आहे, मोळीवर मोळी आहे, गाळप नाही. ऊस वाळायला लागला की गाडीवान काय करतो? जवळच्या गुऱ्हाळाकडं वळवतो. यकृतही तेच करतं. साचलेल्या ॲसिटिल कोएचे दोन-दोन तुकडे जोडून त्यापासून किटोन करतं आणि रक्तात सोडतं. ते म्हणजे ॲसिटोॲसिटेट, बीटा हायड्रॉक्सी ब्युटिरेट आणि थोडं ॲसिटोन. तुम्हाला येणारा वास त्या ॲसिटोनचा आहे, नखांचा रंग काढायच्या द्रावणात असतो तोच. हा वास काही माणसांना येतच नाही. माझ्या मदतनिसाला गोठ्याच्या दारातच कळतो, मला गाईच्या नाकाशी नाक नेलं तरी शंका असते. म्हणून वास आला नाही म्हणजे किटोसिस नाही, असं धरू नका.

किटोन हे विष नव्हे. हृदय, स्नायू, मूत्रपिंड ते इंधन म्हणून वापरतात. पण प्रमाण चढलं की भूक आणखी मरते. भूक मेली की प्रोपिऑनिक आणखी कमी, म्हणून चरबी आणखी सुटते. त्यात न जळलेली चरबी यकृतातच साठत जाते आणि ग्लुकोज बनवणारं यकृतच मंद पडतं. पेंड नको आणि कडबा चालतो, ही तुमच्या गाईची खोड याच आजाराची आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं. एवढ्या चरबीचं ग्लुकोज का होत नाही? कारण साखरेपासून ॲसिटिल कोए होतं, पण ॲसिटिल कोएपासून साखर करायची वाट जनावराच्या शरीरात नाहीच. वनस्पतीत ती आहे. शेंगदाणा जमिनीत रुजतो तेव्हा आपल्यातल्या तेलाची साखर करून कोंब वर काढतो. भुईमुगाला जमतं ते गाईला जमत नाही. चरबीच्या रेणूत ग्लिसरॉलचा जो छोटा दांडा असतो तेवढ्याची साखर होते, बाकी सगळं ॲसिटिल कोएच्याच रांगेत. म्हणून गाईच्या अंगावर पन्नास किलो चरबी असली तरी कासेला हवी ती साखर तिच्यातून निघत नाही. उलट जास्त चरबीवाली गाय व्यायल्यावर जास्त चरबी सोडते आणि रांग आणखी लांबते. पाच महिने भाकड उभी राहून गुबगुबीत झालेली गाय पहिल्या दोन आठवड्यांत आजारी पडली, यात मला नवल वाटलं नाही. रोड गाईला होणारा किटोसिस बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, दूध शिगेला असताना येतो आणि तुलनेनं लवकर उतरतो. तुमच्या गाईच्या यकृतात चरबी बसली असण्याची शक्यता आहे, त्यामुळं थोडा धीर धरावा लागेल.

म्हणजे गाईकडं इंधन तुंबलंय आणि साखर संपलीय. हे एक वाक्य धरून घरातल्या तीन उपायांकडं बघा.

तेल आधी काढून टाका. जे आधीच तुंबलंय त्यातच भर कशाला? शिवाय सुटं तेल कोठीपोटातल्या जंतूंवर बसतं आणि कडब्याचं पचनही बिघडवतं. दुकानातली बायपास फॅट, म्हणजे कोठीपोटात न विरघळता पुढं जाणारी चरबी, हा वेगळा माल आहे. रोड आणि जास्त दुधाच्या गाईला ती पुढं उपयोगी पडते, आज तुमच्या गाईला ते औषध नव्हे.

गुळाबद्दल बोलताना मी जपून बोलतो, कारण आपल्याकडं व्यायलेल्या जनावराला गूळ म्हणजे मायेचा भाग आहे, आणि तुमच्या आईंचा तर्कही वरवर बरोबर आहे : साखर कमी, म्हणून गोड द्या. अडचण कोठीपोटाची आहे. गूळ गाईला मिळायच्या आधी जंतूंना मिळतो. त्यातून थोडं प्रोपिऑनिक होतं हे खरं, पण गोडापासून ब्युटिरिक आम्ल बरंच तयार होतं, आणि ते कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जाताजाताच किटोन बनतं. जे कमी करायचं तेच आपण वाढवतो. मूठभर गूळ पेंडीला चव म्हणून लावा, हरकत नाही. अर्धा किलो बंद करा. किलो-दोन किलो गूळ खाऊन पोट आंबलेल्या गाईही मी पाहिल्यात, आणि ते दुखणं किटोसिसपेक्षा वाईट. हाच नियम बिघडलेल्या मुरघासाला लावा. खवट लोण्यासारखा वास मारणारा मुरघास ब्युटिरिकनं भरलेला असतो, तो व्यायलेल्या गाईपुढं टाकू नका.

राहिली बाटली. 50 टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये 250 ग्रॅम ग्लुकोज असतं, 25 टक्क्यांची असेल तर 125. गरज 1.3 किलोची. त्यातलंही काही लघवीवाटे जातं आणि रक्तातली साखर काही तासांत पुन्हा खाली येते. तरी गाय दीड दिवस तरतरीत का दिसते? त्या झटक्यानं इन्शुलिन वाढतं, चरबी सुटणं जरा थांबतं, ती थोडं खाते. तेवढ्यात मागून काही दिलं नाही तर गाडी मूळपदावर. बाटली चूक नाही, एकटी बाटली अपुरी आहे. डॉक्टरांवर चिडू नका, मी स्वतः किती वर्षं तेच केलं ते वर सांगितलंय.

मागून द्यायचं ते प्रोपिलीन ग्लायकॉल. याचा काही भाग कोठीपोटातून तसाच शोषला जाऊन यकृतात जातो आणि पायरुवेटमार्गे ऑक्झॅलोॲसिटेटपर्यंत पोहोचतो, काहीचं प्रोपिऑनिक होतं. म्हणजे गव्हाणीवर माणसं परत आणायचं काम ते करतं. नेहमीचा डोस दिवसातून एकदा 300 मिली, तीन ते पाच दिवस. तुमच्या डॉक्टरांना विचारून द्या, आणि जास्त दिलं तर जास्त फायदा असं समजू नका. प्रमाण वाढलं की गाय दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खाते. पाजताना मान आडवी ठेवा, जीभ ओढू नका, ठसका लागला की थांबा. औषध फुप्फुसात गेलं तर किटोसिस राहील बाजूला आणि न्यूमोनियाशी गाठ पडेल. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या बऱ्याच लिक्विडमध्ये ग्लिसरीन किंवा कॅल्शियम प्रोपिओनेट मिसळलेलं असतं. तेही चालतं, फक्त लेबल वाचून कशाचं प्रमाण किती ते डॉक्टरांना दाखवा. स्टिरॉइडचं इंजेक्शन साखर वाढवतं, पण दूध पाडतं आणि अंगात संसर्ग असेल तर घात करतं. ते मेडिकलमधून आणून स्वतः टोचायचं काम नाही.

आता तपासणी. लघवीवर करायची रोथेरा चाचणी जुनी आणि स्वस्त आहे, जांभळा रंग आला की किटोन आहेत. त्याहून नेमकं म्हणजे मधुमेहींच्या किटोन मीटरची पट्टी. ती गाईच्या रक्तावरही चालते. शेपटीच्या किंवा कानाच्या शिरेतला थेंब घ्यायचा, पोटाखालच्या दुधाच्या शिरेतला नको, तिथं आकडा खोटा कमी येतो. आकडा (मिलीमोल प्रति लिटर) 1.2 च्या वर गेला की छुपा किटोसिस, 3 च्या वर उघड. घरी शुगर तपासायचं मीटर असेल तर त्याची पट्टी याला चालत नाही, हे आवर्जून सांगतो. दोन जणांनी शुगरचा आकडा किटोनचा म्हणून मला फोनवर वाचून दाखवलाय.

आणखी एक तपासणी तुमच्या खिशातच आहे, डेअरीची पावती. चरबी सुटलेल्या गाईच्या रक्तातली स्निग्धाम्लं कास उचलते आणि दुधाची फॅट वाढते. त्याच वेळी खाणं कमी असल्यानं प्रथिनं घटतात आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, उतरतो. व्यायल्यावर पहिल्या महिन्यात लिटर कमी होतायत, फॅट एकदम पॉइंटभर चढलीय आणि एसएनएफ पडलाय, असं दिसलं की मी गाय न बघता पट्टी मागवतो. गंमत अशी की दर फॅटवर असल्यानं घरात आनंद असतो. "डाक्टर, दूध कमी हाय खरं, पण फॅट बघा की!" हे वाक्य मी निपाणीपासून खानापूरपर्यंत ऐकलंय. पण एका धारेच्या आकड्यावर जाऊ नका. अर्धवट पिळलेल्या किंवा शेवटच्या धारेच्या दुधात फॅट कमीजास्त येतेच. तीन-चार दिवसांच्या पावत्या ओळीनं लावून बघा.

सुरुवातीला जे अवलंबून आहे म्हटलं ते हे. ताप असेल, अंगावरून घाण जात असेल, कास सुजली असेल, तर भूक त्यानं मेलीय आणि किटोसिस मागून आलाय. मग पहिला उपचार त्याचा. नियमानं पाजूनही चार-पाच दिवसांत फरक नसेल तर चौथं पोट डावीकडं सरकलंय का, पोटात तार-खिळा आहे का, हे डॉक्टरांकडून ठोकून-ऐकून बघून घ्या. जागेवर कुणी मिळत नसेल तर 1962 हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा क्रमांक कर्नाटकात आहे आणि महाराष्ट्रातही. सीमेवरच्या गावात फोन कुठं लागेल ते टॉवरवर अवलंबून, म्हणून गाव, तालुका आणि जिल्हा आधी सांगा.

आणि एक सावधगिरी. काही गाईंना किटोसिसमध्ये वेड्यासारखं होतं : खांब चाटत राहणं, दावण चावणं, गोल फिरणं, लाळ गाळणं. घाटाखालच्या एका वाडीत अशा गाईला पिसाळली म्हणून लोक लांब उभे होते, आणि ते लांब उभे राहिले हे उत्तमच केलं. ती किटोसिसची निघाली, ग्लुकोजनं संध्याकाळपर्यंत शांत झाली. पण रेबीज अगदी असाच दिसू शकतो. अशा गाईच्या तोंडात उघडा हात घालून औषध पाजायचं नाही, निदान होईपर्यंत नाहीच.

पुढच्या वेतासाठी सांगायचं तर खरी चूक व्यायल्यानंतर झालेली नाही, ती भाकड काळात झाली. दोन महिने आटवणं पुरेसं असतं. पाच महिने रिकामे मिळाले तर त्या काळात पेंड आखडून कडबा किंवा पिंजार वाढवा. पण चरबी दिसली म्हणून शेवटच्या महिन्यात उपाशी ठेवू नका, त्यानं ती व्यायच्या आधीच चरबी सोडायला लागते. हंगामात फुकट मिळतं म्हणून नुसत्या उसाच्या वाड्यावर (शेंड्याकडच्या पाल्यावर) गाभण गाय ठेवणं मला पसंत नाही. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि प्रथिनंही बेताचीच. व्यायच्या आधी तीन आठवडे पेंड आणि मक्याचा भरडा थोडा थोडा सुरू करून दीड-दोन किलोपर्यंत न्या, म्हणजे जंतूंना सवय होते आणि मक्याच्या पिठूळ भागातून प्रोपिऑनिक मिळू लागतं. व्यायल्यावर चार दिवस पेंड बंद ठेवायची रीत अनेक घरांत आहे, ती सोडा. पाचव्या ते चौदाव्या दिवसात एकदा पट्टी लावा, आजार दिसायच्या आत सापडतो.

आज संध्याकाळी अंगाचं तापमान मोजा, ते साधारण 101.5 फॅरनहाइट असायला हवं. पट्टीचा आकडा, वार कधी पडली ते, आणि गेल्या सहा धारांच्या पावत्यांवरची फॅट-एसएनएफ लिहून पाठवा. आकडा 3 च्या वर आणि ताप नसेल, तर डॉक्टरांना सांगून उद्या सकाळी बाटलीसोबत पहिला 300 मिलीचा डोस सुरू करा, आणि पुतणीला पाजताना तिथंच उभी करा.